पहिल्या रांगेचा वॉल्व्ह

फोन साडेसहाला आला.

"बाई, पहिली रांग गेली," पहारेकरी म्हणाला. "सहाच्या सहा टाक्या. सगळे मासे उताणे आहेत."

"आणि दुसरी रांग?"

"ती ठीक आहे. पोहतायत."

बाईंनी चहाचं पातेलं तसंच खाली उतरवलं. पहाटे गेलेली वीज पाच मिनिटांपूर्वीच आली होती. विजेवाचून पुन्हा झोप लागली नव्हती. अंधारात पडल्यापडल्या त्यांनी सासूबाईंचा खोकला ऐकला होता, वरच्या मजल्यावर दोनदा वाजलेला फोन ऐकला होता, आणि नंतर बराच वेळ कोणीतरी घातलेल्या येरझाऱ्या.

वर हाक मारायला त्या जिन्याशी गेल्या, तर दीर अर्ध्या पायऱ्या उतरून आला होता. बूट घातलेले होते.

"तुझी रांग गेली," बाई म्हणाल्या.

तो पायरीवरच बसला.

मत्स्यबीज केंद्रात बाई एकोणीस वर्षं पाणी तपासत होत्या. त्यांना तिथे सगळे नुसतं 'बाई' म्हणत. दीर दोन वर्षांपूर्वी लागला. अर्ज बाईंनीच पुढे केला होता. त्याने माशांचं नवं खाद्य तयार केलं होतं, म्हणून तो 'खाद्यवाले डॉक्टर'. पहिल्या रांगेला त्याचं खाद्य, दुसऱ्या रांगेला जुनं. बाकी सगळं सारखं, म्हणजे फरक पडला तर तो खाद्याचाच. गेला महिनाभर पहिली रांग अशी काही वाढत होती, की संचालक पाहुण्यांना आधी तिथेच नेत.

शेडला खिडक्या नव्हत्या. प्रजननाच्या माशांना अंधार मानवतो. बाईंनी टॉर्च पाण्यावर धरला. तोंडं उघडी, कल्ले फाकलेले. विषाने मेलेला मासा असा दिसत नाही. हे श्वास कोंडून मेले होते. चारशे बारा मासे, आठ वर्षं निवडून निवडून जपलेले.

रांगेच्या टोकाला मिस्त्री उभे होते. हातात मुठीएवढा पितळी वॉल्व्ह, वर काळी कॉइल. केंद्रातली प्रत्येक मोटर आणि प्रत्येक पाइप त्यांच्या हाताखालून गेला होता. निवृत्तीला तीन महिने उरले होते.

"शोधू नका काही," ते म्हणाले. "मीच मारले."

आठ वाजता त्यांनी राजीनाम्याचं पत्र संचालकांच्या टेबलावर ठेवलं. त्यात कबुलीही होती.

"चार वाजता चौकशी समिती येते आहे," संचालक बाईंना म्हणाले. "पत्र त्यांच्यापुढे ठेवतो. निष्काळजीपणाचा शेरा बसेल. निवृत्तीनंतरचं काही मिळणार नाही, खोलीही सोडावी लागेल. मलाही वाईट वाटतं."

"चारपर्यंत पत्र बाजूला ठेवा."

"कशाला? माणूस स्वतः कबूल करतोय."

"करतोय म्हणूनच. त्यांना पूर्ण काय घडलं ते ठाऊक नाही, आणि शिक्षा मात्र पूर्ण मागतायत."

संचालकांनी घड्याळाकडे पाहिलं. "चारला पाच कमी असताना या."

वर्कशॉपमध्ये मिस्त्री आपली हत्यारं पुसून पेटीत ठेवत होते. निघायच्या तयारीत.

"काका, मला वॉल्व्ह शिकवा," बाई म्हणाल्या.

"आता?"

"आता. मला फक्त पाणी कळतं."

मिस्त्रींनी वॉल्व्ह टेबलावर ठेवला. "हे एक दार आहे समजा. कॉइलमध्ये वीज सोडली की ती आतला लोखंडी दांडा ओढते. वीज तोडली की स्प्रिंग त्याला परत ढकलते. एवढंच."

"सगळे असेच?"

"जाती आहेत. पण जात तुम्ही कशावरून लावता, त्यावर आहे. तोंडं मोजली तर दोन तोंडांचा, तीन तोंडांचा. जोर कोणाचा ते पाहिलं तर आणखी दोन. एक स्वतःच्या जोरावर उघडतो. दुसरा पाइपातल्या दाबाच्या खांद्यावर चढून. दाब पुरेसा नसला तर तो दुसरा हलत नाही."

बाईंनी लगेच विचारलं, "म्हणजे आज पहाटे दाब कमी पडला असेल?"

"मलाही वाटलं तसं असावं. देव पाण्यात घालून पाटी वाचली. किमान दाब शून्य. हा स्वतःच्या जोराचा आहे."

"मग?"

मिस्त्रींनी फडकं खाली ठेवलं. "तिसरी पद्धत. वीज नसताना दार कसं असतं. एनसी म्हणजे विजेवाचून मिटलेला. एनओ म्हणजे विजेवाचून उघडा. ऑक्सिजनच्या लाइनीवर आपल्याला एनओ हवा. वीज आहे तोवर कॉइल दार ओढून बंद ठेवते. वीज गेली, ब्लोअरची हवा थांबली, की स्प्रिंग दार उघडते आणि सिलिंडरमधला ऑक्सिजन टाक्यांत जातो. जनरेटर दुरुस्तीला गेलाय, तेव्हा सगळा भरवसा त्याच्यावर. दुसऱ्या रांगेत तसंच झालं." त्यांनी वॉल्व्ह उलटा केला. पाटीवर बारीक अक्षरं होती. "हा एनसी आहे. ऐन वेळी मी दार लावून घेतलं."

"चुकलं कसं?"

"जुन्याची कॉइल जळाली. दार उघडं पडलं आणि सिलिंडर रिकामा झाला. मी स्टोअरकीपरकडे अर्धा इंची, चोवीस व्होल्टचा, पितळी वॉल्व्ह मागितला. त्याने अर्धा इंची, चोवीस व्होल्टचा, पितळी वॉल्व्ह दिला. त्याचे डबे आट्यांच्या मापाने लावलेत, आणि शंभरातले नव्वद वॉल्व्ह पाणी भरायचे, एनसीच. मी पाटी वाचली नाही. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा."

"बसवल्यावर तपासला नाही?"

"गॅसच नव्हता लाइनीत. बटण दाबून वीज तोडली, टक आवाज आला. बास. दुसऱ्या दिवशी बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, आठ दिवस रजा. आपले खाद्यवाले डॉक्टर म्हणाले, तुम्ही निघा, नवा सिलिंडर मी जोडतो. भला माणूस."

बाईंनी वॉल्व्ह हातात घेतला. दर सोमवारची चाचणी त्यांच्याकडे होती. पॅसेजमधल्या पॅनेलवरचं बटण दाबायचं, टक आवाज ऐकायचा, सही करायची. तीन सोमवार त्यांनी सही केली होती. दार उघडताना टक होते. मिटतानाही टक होते.

"वॉल्व्हच्या बाजूला लाल तोटी आहे ना?"

"हाताने उघडायची. मला कोणी उठवलं असतं तर मिनिटाचं काम होतं. माझी खोली शंभर पावलांवर आहे. नाही उठवलं कोणी. त्यांचं काय चुकलं म्हणा. ऑक्सिजन आपोआप सुरू होणार, हे मीच सगळ्यांना शिकवलंय."

बाई पहिल्या रांगेकडे परत गेल्या. सिलिंडरवरचा काटा पाहिला. मग मिस्त्रींना बोलावून आणलं.

"किती दिसतोय?"

"अर्धा."

"एक सिलिंडर असा सतत वाहिला तर किती दिवस पुरतो?"

"अडीच दिवस. फार तर तीन."

"वॉल्व्ह बसवून सव्वीस दिवस झाले."

"हो." मिस्त्रींनी काट्यावर बोट टेकवलं, काढलं. पुढचं त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांचं लक्ष टाक्यांकडे होतं.

शेडच्या दारावर डोळ्यांच्या उंचीला चिकटपट्टीचे चार तुकडे होते. मधला रंग आजूबाजूच्या रंगापेक्षा स्वच्छ. तिथे काहीतरी लिहिलेला कागद होता, एवढंच बाईंना आठवत होतं.

पहारेकऱ्याची पाळी सातला संपली होती. तरी तो फाटकापाशीच बसून होता.

"घरी गेला नाहीस?"

"जाववत नाही."

"वीज किती वाजता गेली?"

"पाच दहाला."

"आली?"

"सहा पंचवीसला."

"मधल्या वेळात काय केलंस?"

"फेऱ्या मारल्या."

"शेडच्या दारावरचा कागद कोणी काढला?"

त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बाई, तुमच्या तोंडावर सांगायला मला जड जातंय. चारला बोलवा. सगळ्यांसमोर एकदाच सांगेन."

"माझ्याच तोंडावर का जड जातं?"

त्याने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

स्टोअरकीपर मात्र बोलायला कधीच तयार. "काय बाई, आज पाणी सोडून लोखंडाला हात?"

"महिन्याभरात ऑक्सिजनचे सिलिंडर कोणी नेले?"

"एक दुसऱ्या रांगेच्या बदलीचा. एक मिस्त्रींच्या नव्या वॉल्व्हचा. बाकी अकरा डॉक्टरांनी. बोटभर पिल्लं, बोटुकल्या, पाठवायच्या पिशव्यांत ऑक्सिजन भरावा लागतो, त्याला."

"बोटुकल्या कुठे पाठवल्या?"

"ते मला काय ठाऊक."

"व्हॅन कोण चालवतं?"

"व्हॅन? तिचा गिअरबॉक्स सव्वा महिना पोटातून बाहेर काढून ठेवलाय. मागे पडलीय, बघा."

"मग पिशव्या कशातून गेल्या?"

स्टोअरकीपरने चष्मा वर केला. "मी सिलिंडर मोजतो, बाई. पिशव्या मोजायला वेगळा माणूस ठेवा." मग त्याचा स्वर उतरला. "मिस्त्रींना मीच दिला ना तो वॉल्व्ह? सकाळपासून त्या डब्याकडे बघवत नाही."

तीन वाजता दीर प्रयोगशाळेत आला. दार लोटून घेतलं.

"वहिनी, समिती तुम्हाला विचारेल."

"काय विचारेल?"

"पाण्यात काही दोष होता का. नव्हता म्हणा. मासे ऑक्सिजनअभावी गेले, खाद्याने नाही, एवढं स्पष्ट झालं की माझे गेल्या महिन्याचे आकडे तरी वाचतील. मिस्त्रींचं वाईट वाटतं, पण चूक ती चूक."

"पहाटे फोन कोणाचा होता?"

"मित्राचा. तो परदेशात आहे, तिकडे दिवस असतो त्या वेळी."

"दोनदा?"

"लाइन तुटली म्हणून पुन्हा केला." तो हसला. "तुम्ही पण ना, वहिनी. आईसारख्याच. भिंतीला कान."

तो गेल्यावर बाईंनी नोंदवही उघडली. त्यांचंच अक्षर. पाण्याचं तापमान सत्तावीस. विरघळलेला ऑक्सिजन: दुसरी रांग सहा पॉइंट आठ. पहिली रांग आधी सहा पॉइंट नऊ, आणि वॉल्व्ह बदलल्यानंतर नऊ पॉइंट एक, नऊ पॉइंट तीन, नऊ पॉइंट दोन. समोर शेरा: ब्लोअरच्या जाळ्या साफ केल्या, असे डॉक्टर सांगतात.

त्या ओळीकडे त्या खूप वेळ बघत बसल्या. मग नोंदवही काखेत धरून उठल्या.

संचालकांच्या खोलीत समितीचे दोघे होते. मिस्त्री, स्टोअरकीपर आणि पहारेकरी भिंतीपाशी उभे. दीर खुर्चीवर, मांडीवर फाइल.

"मिस्त्रींनी चुकीच्या जातीचा वॉल्व्ह बसवला," बाई म्हणाल्या. "ते खरं आहे. पण तेवढ्याने मासे मेले नाहीत."

"मग कशाने?" संचालकांनी विचारलं.

"आधी सिलिंडर बघा. वॉल्व्ह बरोबर असता, तर वीज असेपर्यंत दार बंद, म्हणजे सव्वीस दिवसांनी सिलिंडर भरलेला असायला हवा. वॉल्व्ह चुकीचा होता, म्हणजे वीज असेपर्यंत दार उघडं. मग तो तिसऱ्या दिवशीच रिकामा व्हायला हवा. आज तो अर्धा आहे. भरलेला नाही, रिकामाही नाही. याचा अर्थ कोणीतरी संपेल तसा नवा जोडत होतं. दर अडीच दिवसांनी एक. सव्वीस दिवसांत पहिल्यानंतर दहा-अकरा."

"अकरा," स्टोअरकीपर हळूच म्हणाला.

"ते बोटुकल्यांच्या नावावर नेले. बोटुकल्या न्यायची व्हॅन सव्वा महिना बंद आहे."

कोणी दिराकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

"मी पॅकिंगची तालीम घेत होतो," तो म्हणाला. "आगाऊ."

"शेडमध्ये दोन रांगा आहेत," बाई पुढे म्हणाल्या. "एका रांगेत गेला महिनाभर रात्रंदिवस शुद्ध ऑक्सिजन जात होता. त्याच रांगेतले मासे भराभर वाढले. खाद्यामुळे वाढले, असं आपण सगळे समजलो. पहिला सिलिंडर संपला तेव्हा तो जोडणाऱ्याला काय चाललंय ते कळलं. मिस्त्री रजेवर होते. ते परत आल्यावर एक वाक्य पुरलं असतं. पण वॉल्व्ह बदलला असता तर वाढ थांबली असती, आणि खाद्य साधंच आहे हे दिसलं असतं."

"हा तर्क आहे," दीर म्हणाला.

"मोजमाप आहे." त्यांनी नोंदवही समितीपुढे सरकवली. "सत्तावीस अंशांच्या पाण्यात हवेतून जेमतेम आठपर्यंत ऑक्सिजन विरघळतो. जाळ्या कितीही साफ करा, ब्लोअर कितीही मोठा लावा. अंधाऱ्या शेडमध्ये शेवाळ नाही, ऊन नाही. नऊच्या वर आकडा जातो तो शुद्ध ऑक्सिजनने. हे मी दर वर्षी नव्या लोकांना फळ्यावर लिहून शिकवते." त्यांचा आवाज किंचित खाली गेला. "आकडा दिसला तेव्हा मी विचारलं. घरच्या माणसाने उत्तर दिलं. मी ते लिहून घेतलं आणि पान उलटलं. तीनदा. आणि तीनदा टक ऐकून चाचणीवर सही केली. अहवालात माझं नावही घाला."

मिस्त्री काहीतरी बोलायला पुढे झाले. बाईंनी हाताने थांबवलं.

"राहिली पहाट. आता तू सांग," त्या पहारेकऱ्याला म्हणाल्या.

पहारेकऱ्याने टोपी दोन्ही हातांत धरली. "दारावर डॉक्टरसाहेबांचा कागद होता. या रांगेत काहीही झालं तर आधी मला फोन करा, दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नका. मी पाच पंधराला फोन केला. म्हणाले, ऑक्सिजन आपोआप सुरू होतो, काळजी नको. पावणेसहाला परत केला. म्हटलं, मासे वर येऊन तोंडं उघडतायत, मिस्त्रींना उठवू का. म्हणाले, नको, वीज आता येईलच. वीज आल्यावर सगळे मेलेले बघून बाईंना फोन केला. मग डॉक्टरसाहेब आले, बाई आत गेल्यावर त्यांनी कागद काढून खिशात घातला." त्याने मान खाली घातली. "शंभर पावलं, बाई. मी गेलो नाही."

"ऑक्सिजन सुरू होणार नाही हे केंद्रात एकाच माणसाला ठाऊक होतं," बाई म्हणाल्या. "लाल तोटी उघडा, एवढं सांगायचं होतं. पण मग, का उघडा, हेही सांगावं लागलं असतं. तो सव्वा तास येरझाऱ्या घालत राहिला. मी खाली अंथरुणात ऐकत होते."



"वहिनी, दोन मिनिटं बाहेर बोलू," दीर म्हणाला.

"इथेच बोल."

त्याने फाइल उघडली, मिटली. "एक आठवडाच चालू ठेवणार होतो. आकडे इतके सुंदर येत होते. मग आणखी एक आठवडा. खाद्यात खरंच काही आहे असं मला अजून वाटतं. पहाटे वाटलं, दहा मिनिटांत वीज येईल. दर दहा मिनिटांनी तेच वाटत राहिलं."

समितीतल्या वयस्क गृहस्थांनी फाइल त्याच्या मांडीवरून उचलून आपल्याकडे घेतली. संचालकांनी खणातून मिस्त्रींचं पत्र काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"हे परत घ्या."

"पण वॉल्व्ह मीच बसवला साहेब."

"ते अहवालात येईल. बाईंच्या सह्याही येतील, स्टोअरचे डबेही येतील. त्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही. उद्या दुसऱ्या रांगेतला वॉल्व्ह उघडून पाटी वाचा. मोठ्याने. मी शेजारी उभा राहतो."

मिस्त्रींनी पत्र घेतलं, नीट चार घड्या घातल्या. बाहेर पडताना ते दिरापाशी थांबले. सगळ्यांना वाटलं, आता काही बोलतील.

"मला हाक मारायची होती, डॉक्टर," ते म्हणाले. "मी काही विचारलं नसतं."

सहा वाजता बाई स्कूटर काढायला गेल्या, तेव्हा दीर फाटकाबाहेर उभा होता. रोज तो त्यांच्याच मागे बसून घरी यायचा. उद्यापासून यायचं नाही, असं त्याला लेखी मिळालं होतं. पुढे पोलिसांत काय द्यायचं ते समिती ठरवणार होती.

बाईंनी स्कूटर त्याच्यापाशी थांबवली. मग तो बसला.

अर्ध्या वाटेत तो म्हणाला, "आईला काय सांगणार आहात?"

"मी नाही सांगणार. तू सांगायचंस."

"आणि तुम्ही?"

"मी शेजारी बसेन. तुझं झालं की माझं सांगेन."

पुढे चढ लागला. दोघांच्या वजनाने स्कूटर मंदावली. बाईंनी गिअर बदलला, आणि ती घराच्या दिशेने चढू लागली.